धोरण मागापर्यंत नेताना : कारखान्यात नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याचे मार्गदर्शन

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी व्यवस्थापक म्हणून रुजू झालो, त्या वर्षी दसऱ्याच्या यंत्रपूजेनंतर मालकांनी नवे धोरण जाहीर केले. घाऊक बाजारात डझनावर विकला जाणारा हलका टॉवेल हळूहळू कमी करायचा आणि हॉटेले व रुग्णालये यांना ठरलेल्या वजनाचा, एकसारख्या रंगाचा माल पुरवायचा, असा तो निर्णय होता. निर्णय योग्य होता आणि त्याला कोणी विरोधही केला नाही. पेढे वाटले गेले, सगळे आपापल्या मागांकडे परतले आणि चार महिन्यांनी पहिलाच मोठा लॉट वजनात कमी भरला म्हणून परत आला. मी दोषी शोधायला निघालो. आठवडाभर शोधूनही मला एकही दोषी सापडला नाही, कारण प्रत्येक जण आपले काम नेहमीप्रमाणे चोख करत होता. त्या 'नेहमीप्रमाणे'मध्येच सगळी अडचण होती.

धोरण कसे निवडावे, हा या लेखाचा विषय नाही. ते ठरले आहे, मालकांच्या किंवा संचालकांच्या मनात ते स्पष्ट आहे, आणि आता शंभर-दीडशे माणसांच्या रोजच्या कामात ते उतरवण्याची जबाबदारी तुमच्यावर आली आहे, असे मी गृहीत धरतो. वडिलांच्या कारखान्यात नुकतेच लक्ष घालू लागलेले तरुण, मनुष्यबळ विभागात नव्याने आलेले अधिकारी आणि पर्यवेक्षकाचे व्यवस्थापक झालेले लोक यांना याचा अधिक उपयोग होईल. उदाहरणे टॉवेलची आहेत, कारण मला तेच माहीत आहे. परंतु गणवेश शिवणारा कारखाना, पतसंस्था किंवा रुग्णालय यांतही माणसे कशाकडे पाहून वागतात, याचे गणित फारसे वेगळे नसते.

सुरुवात करण्यापूर्वी ही कागदपत्रे जमवा

- मागील बारा महिन्यांचे मजुरीपत्रक आणि मजुरी कशी मोजली जाते याचा प्रत्यक्ष हिशोब. नियम काय आहे यापेक्षा कारकून तो कसा लावतो, ते पाहा.
- पाळीनिहाय हजेरी आणि खाड्यांची नोंद.
- परत आलेल्या मालाची यादी, कारणांसह. कारण लिहिलेले नसेल, तर पॅकिंगच्या माणसाला विचारून लिहून घ्या.
- कामगार संघटनेशी झालेला करार असल्यास त्याची प्रत आणि लागू असलेले स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटींचे नियम.
- कोण किती रकमेपर्यंत खरेदी करू शकतो, कोण माल रोखू शकतो, कोण सुट्टी मंजूर करतो, याची यादी. बहुतेक ठिकाणी ती लिहिलेलीच नसते. तिचा अभाव हीदेखील माहितीच आहे.
- वर्षभराच्या सणांचे आणि जत्रांचे स्थानिक कॅलेंडर.

साधने म्हणाल तर एक पांढरा फळा, एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि एक जाड वही पुरते. पहिल्या सहा महिन्यांत कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. आम्ही घेतले होते. त्यात भरण्यासारखी विश्वासार्ह माहिती आमच्याकडे नव्हती, हे पैसे दिल्यानंतर लक्षात आले.

१. धोरण एका पानावर लिहा आणि त्यात एक तरी आकडा असू द्या

'गुणवत्तेला प्राधान्य', 'ग्राहकाचे समाधान' अशा शब्दांनी मागासमोर उभ्या असलेल्या माणसाला काहीही कळत नाही, कारण तो आजवर करत आला आहे तेही त्याच्या दृष्टीने गुणवत्तेचेच काम असते. आमचे वाक्य शेवटी असे झाले : ७५ गुणिले १५० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा टॉवेल सुमारे ५६२ ग्रॅम भरला पाहिजे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. या टॉवेलचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर होते आणि त्याला ५०० ने गुणले की हा आकडा मिळतो. ग्राहकाने वजनात पाच टक्के कमी-जास्त चालेल असे सांगितले होते, म्हणजे ५३४ ग्रॅमच्या खाली गेलेला टॉवेल नापास. एवढे सांगितले की विणकर स्वतः काट्यावर टॉवेल टाकून पाहू शकतो.

त्याच पानावर काय करायचे नाही, हेही लिहा. हा भाग लिहिताना मालक कचरतात. आमच्याकडे 'घाऊक बाजाराची नवी ऑर्डर हॉटेलच्या ऑर्डरच्या आधी मागावर चढणार नाही' हे एक वाक्य लिहून घ्यायला तीन बैठका लागल्या. पण पुढे वर्षभर जितके वाद झाले, त्यांतील निम्मे त्या एका वाक्यावर बोट ठेवून मिटले.

पान तयार झाले की ते घेऊन तीन वेगवेगळ्या विभागांतील तीन माणसांकडे जा आणि 'यामुळे उद्या तुमच्या कामात काय बदलेल?' एवढेच विचारा. उत्तर 'काही नाही' किंवा 'अजून मन लावून काम करू' असे आले, तर पान पुन्हा लिहा.

२. धोरण ज्यांच्या हातावर अवलंबून आहे, त्या जागा ओळखा

सगळ्यांनीच बदलायला हवे, हे म्हणायला सोपे आहे आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. माल ज्या क्रमाने सरकतो त्या क्रमाने एक दिवस स्वतः चाला आणि प्रत्येक ठिकाणी विचारा की येथे चूक झाली, तर ती पुढे कोणाला सुधारता येईल का. जेथे उत्तर 'नाही' असे येते, त्या जागा महत्त्वाच्या.

टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे ताणा (उभे धागे) गुंडाळलेले रूळ, असतात : एक जमिनीच्या, म्हणजे कापडाच्या पायाच्या, ताण्याचा, जो घट्ट ताणलेला असतो, आणि दुसरा टॉवेलवरच्या लूपच्या (धाग्याच्या फाशांच्या) ताण्याचा, जो सैल असतो. नेहमीच्या तीन-बाणी विणीत पहिले दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडेच थांबवले जातात आणि तिसऱ्या बाण्याबरोबर तिन्ही एकदम पुढे ठोकले जातात. त्या वेळी सैल ताणा वर उचलला जाऊन लूप तयार होतो. ते अंतर किती ठेवायचे आणि लूपच्या बीमचा ताण किती ठेवायचा, यावर लूपची उंची आणि म्हणून टॉवेलचे वजन ठरते. हे काम विणकर करत नाही, मागांची जोडणी पाहणारा जॉबर करतो. आम्ही चार महिने विणकरांना वजनाबद्दल व्याख्याने देत होतो आणि वजनाची किल्ली ज्याच्या पान्यात होती, त्या जॉबरला एकाही बैठकीला बोलावले नव्हते.

दुसरी जागा चेकिंगची निघाली. तेथे काम करणाऱ्या बायका कारखान्यात सर्वांत कमी पगारावर होत्या, त्यांनाही डझनावरच पैसे मिळत आणि एखादा टॉवेल बाजूला काढला तर त्याची कटकट त्यांनाच ऐकावी लागे. ज्या टेबलावर धोरणाची शेवटची परीक्षा व्हायची, तेथे नापास करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. तिसरी जागा डाइंगची, म्हणजे रंगाईची. सोलापुरात उजनी धरणाच्या पाण्याचे दिवस आणि टँकरचे दिवस यांत फरक असतो. पाणी बदलले की रंगछटा बदलते, हे आमचे डाइंग मास्तर जाणून होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

अशा जागा चारपाचपेक्षा जास्त निघाल्या, तर तुम्ही पुरेसे कठोर झालेले नाही.

३. जाहीर करण्याआधी विचारा, आणि ज्या भाषेत उत्तर येईल त्या भाषेत विचारा

जपानी कारखान्यांत १९६० च्या दशकात 'होशिन कान्री' नावाची पद्धत रूढ झाली. तिच्यातील एक भाग आपल्याकडे जसाच्या तसा वापरता येतो : वरिष्ठांनी उद्दिष्ट खाली पाठवायचे, खालच्यांनी ते कसे जमेल आणि काय आडवे येईल हे लिहून परत वर पाठवायचे, आणि दोन्हीकडच्यांना मान्य होईपर्यंत चेंडूची ही फेकाफेक चालू ठेवायची. वेळ जातो; परंतु तो आता घालवला नाही, तर परत आलेल्या ट्रकच्या भाड्यात जातो.

मोठी सभा घेऊ नका. पाळी बदलताना आठ-दहा जणांना वीस मिनिटे बसवा, चहा द्या आणि स्वतः कमी बोला. सोलापुरात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. आमच्या विणकरांपैकी बरेच जण घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड किंवा दखनी आहे, आणि त्यांतील अनेक जण वाचतात मात्र मराठी. त्यामुळे फलक मराठीत चालतो, पण तक्रार मराठीत येत नाही. मी पहिल्या तीन बैठका मराठीत घेतल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. चौथी बैठक पूर्व भागातील एका वयस्कर विणकराने, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, तेलुगूत घेतली, आणि मला समजेनासे झाले तेव्हाच खरी चर्चा सुरू झाली. नंतर अण्णांनी मला तिचा अर्थ एका वाक्यात सांगितला : "साहेब, तार तुटल्यावर माग थांबवून जोडली, तर पोरांचे दिवसाचे पाच नग जातात. ते कोण देणार, हे तेवढं विचारतायत."

तार म्हणजे मागावरचा धागा. हा प्रश्न आमच्या धोरणाच्या पानावर कोठेही नव्हता. पुढचा संपूर्ण टप्पा त्याच्या उत्तराचा आहे.

४. मजुरीचा हिशोब धोरणाशी जुळवा

या टप्प्यावर घाई करू नका. माणसे भाषण ऐकून वागत नाहीत. महिन्याच्या शेवटी हातात येणारी रक्कम कशाने वाढते आणि कशाने घटते, ते पाहून वागतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. आपल्याला वजन आणि सफाई हवी होती आणि आपण पैसे मात्र नगावर देत होतो. तार तुटली तरी माग चालू ठेवणारा विणकर आळशी नव्हता, तर आपण दिलेला हिशोब त्याला अचूक समजला होता.

आता आकड्यांत पाहू. समजा एका नगाला ८ रुपये मजुरी आहे. माग न थांबवता विणकर दिवसाला १०० टॉवेल काढतो, त्यांतील ९० पास होतात, आणि त्याला ८०० रुपये मिळतात. माग थांबवून प्रत्येक तार जोडली, तर ९५ टॉवेल निघतात, सगळे पास होतात, आणि त्याला ७६० रुपये मिळतात. म्हणजे काळजी घेण्याचा रोजचा दंड ४० रुपये झाला.

यावर बहुतेक नवे व्यवस्थापक एकच उपाय सुचवतात, आणि मीही तोच सुचवला होता : पास झालेल्या प्रत्येक टॉवेलमागे थोडे जास्त पैसे द्या. पास नगाला ७५ पैसे जादा दिले, तर निष्काळजी विणकराला ८०० अधिक ६७.५०, म्हणजे ८६७.५० रुपये मिळतात. काळजी घेणाऱ्याला ७६० अधिक ७१.२५, म्हणजे ८३१.२५. काळजी घेणारा अजूनही मागेच! जादा रक्कम दोन रुपये केली तरी हिशोब ९८० विरुद्ध ९५० असाच राहतो. केवळ बक्षिसाच्या जोरावर दोघांना बरोबरीत आणायचे, तर पास नगामागे आणखी ८ रुपये, म्हणजे दुप्पट मजुरी द्यावी लागेल. ते कोणत्याही मालकाला परवडणार नाही.

आम्ही उलट बाजूने विचार केला. आधी दंड काढून टाकला. तार जोडण्यासाठी माग थांबला, तर त्या वेळेचा मोबदला सरासरीने द्यायचा ठरवला, आणि वरील उदाहरणात तो ४० रुपये धरा. त्यानंतर पास नगाला दीड रुपया जादा. आता निष्काळजी विणकराला ८०० अधिक १३५, म्हणजे ९३५ रुपये मिळतात. काळजी घेणाऱ्याला ७६० अधिक ४० अधिक १४२.५०, म्हणजे ९४२.५० रुपये. फरक फक्त साडेसात रुपयांचा आहे, पण तो योग्य दिशेला आहे. माझ्या अनुभवात माणसे मोठ्या लाभामागे धावण्यापेक्षा तोटा टाळण्याची खात्री अधिक पसंत करतात, त्यामुळे एवढा फरक पुरला.

मालकांना याची दुसरी बाजू आधीच दाखवा. पूर्वी ९० चांगल्या टॉवेलांमागे ८०० रुपये जात होते, म्हणजे एका चांगल्या टॉवेलला सुमारे ८.८९ रुपये, आता ९५ टॉवेलांमागे ९४२.५० जातात, म्हणजे सुमारे ९.९२. चांगल्या टॉवेलमागे विणाईचा खर्च जवळजवळ एक रुपयाने वाढला. हॉटेलचा भाव हा रुपया सोसत नसेल, तर दोष माणसांत नाही, धोरणाच्या किमतीत आहे, आणि ते याच टप्प्यावर उघड झालेले बरे.

या कामात पुढील सापळे आहेत.

नवी पद्धत लगेच लावू नका. तीन महिने दोन्ही हिशोब शेजारी शेजारी काढा, पैसे जुन्याच पद्धतीने द्या आणि प्रत्येकाला पगाराच्या चिठ्ठीवर नव्या पद्धतीने किती मिळाले असते, तो आकडा दाखवा. आमच्याकडे दुसऱ्या महिन्यातच विणकर स्वतः विचारू लागले की नवे कधीपासून.

मजुरीची पद्धत किंवा पाळ्या बदलण्याआधी कायद्याने पूर्वसूचना द्यावी लागते. ही मुदत २१ दिवसांची आहे. करार किंवा स्थायी आदेश यांत आणखी काही अटी असू शकतात, म्हणून कामगार सल्लागाराला कागद दाखवल्याशिवाय फलकावर काहीही लावू नका.

सेकंड, म्हणजे दोष निघालेल्या, मालाचे पैसे परस्पर मजुरीतून कापण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. कामगाराचा निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय अशी कपात कायद्यात बसत नाही. शिवाय कपात सुरू झाली की सेकंड माल कमी होत नाही, लपवला जातो.

दिवाळीचा बोनस या हिशोबात मिसळू नका. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने देय आहे. त्याला 'गुणवत्तेचे बक्षीस' म्हटले तर कोणी फसत नाही, उलट पुढच्या खऱ्या बक्षिसावरचाही विश्वास उडतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फक्त विणकरांचा हिशोब बदलून थांबू नका. चेकिंगच्या बायकांना डझनावर पैसे मिळत राहिले, तर त्या टॉवेल पासच करणार. आम्ही त्यांना सरळ मासिक पगारावर घेतले. सूत खरेदी करणाऱ्याला स्वस्त सूत आणल्याबद्दल शाबासकी मिळत राहिली, तर तार तुटतच राहणार. विक्रीच्या माणसाचे कमिशन विकलेल्या डझनांवर असेल, तर तो घाऊक बाजाराचीच ऑर्डर आणणार, कारण ती एका फोनवर मिळते आणि हॉटेलची ऑर्डर मिळवायला सहा महिने लागतात. आम्ही विक्रीचे कमिशन बदलायला वर्ष लावले. त्या वर्षात मागांवर जो गोंधळ झाला, त्याचे खापर मात्र विणकरांवर फुटत राहिले, ही आमची चूक होती.

५. मुकादम आणि जॉबर यांना अधिकार द्या, आणि मग तो काढून घेऊ नका

जुन्या कापड गिरण्यांत कामगाराला कामावर घेण्यापासून सुट्टी देण्यापर्यंत सगळे जॉबरच्या हातात असे. १८७७ साली सुरू झालेली सोलापूरची जुनी मिल आज इतिहासात जमा झाली, तिच्या मागोमागच्या गिरण्याही बंद पडल्या, परंतु कामगार प्रश्न पडल्यावर आधी कोणाच्या तोंडाकडे पाहतो, ती सवय आजही बरीचशी तशीच आहे. व्यवस्थापकाचे पान जॉबरच्या एका वाक्याने रद्द होऊ शकते.

म्हणून पहिल्यांदा सकाळचा पहिला प्रश्न बदला. आमचे मुकादम पाळीच्या सुरुवातीला प्रत्येकाला 'काल किती डझन?' असे विचारत. भिंतीवर धोरण लावलेले असताना रोज सकाळी त्याच्या विरुद्धचा प्रश्न विचारला जात होता. आम्ही त्यांच्या हातात काटा दिला आणि पहिला प्रश्न 'पहिल्या टॉवेलचे वजन किती?' असा ठरवला. सवय मोडायला दोन महिने लागले.

त्यानंतर एका तक्त्यावर लिहा : माग थांबवण्याचा निर्णय कोणाचा, लॉट रोखण्याचा कोणाचा, रंग पुन्हा करण्याचा कोणाचा, कोणाला विचारायचे आणि कोणाला केवळ कळवायचे. प्रत्येक ओळीत निर्णय घेणारे नाव एकच असावे. दोन नावे असली की निर्णय मालकांच्या केबिनमध्ये जातो.

खरी परीक्षा महिनाअखेरीला येते. आमच्याकडे चेकिंगच्या प्रमुख ताईंनी एका लॉटमधील चाळीस डझन टॉवेल रंगछटेवरून रोखले. गाडी दारात उभी होती, आणि मालकांनी 'या वेळी जाऊ द्या' असे सांगून माल भरायला लावला. ग्राहकाने तो लॉट परत केला नाही, त्यामुळे मालकांना आपला निर्णय योग्य वाटला. पण पुढचे दीड महिने त्या टेबलावरून एकही टॉवेल नापास झाला नाही. ताईंना विचारले, तर म्हणाल्या, "सर, रोखायचं आम्ही आणि सोडायचं तुम्ही, तर आम्ही कशाला वाईट व्हायचं?" शेवटी मालक स्वतः चेकिंगच्या टेबलापाशी गेले आणि यापुढे रोखलेला माल आपणही सोडणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगितले. तसे ते वागलेही, म्हणून गाडी पुन्हा रुळावर आली. तुमच्या मालकांशी किंवा संचालकांशी हा संवाद पहिला लॉट रोखला जाण्याआधी करा; नंतर तो फार महाग पडतो.

६. कौशल्याचा तक्ता करा

उभ्या रेघेत माणसे, आडव्या रेघेत दुसऱ्या टप्प्यात ओळखलेली कामे, आणि प्रत्येक चौकटीत चारपैकी एक खूण : येत नाही, मदतीने येते, स्वतः येते, दुसऱ्याला शिकवता येते. ज्या कामाच्या ओळीत शेवटची खूण एकाच माणसापुढे आहे, तेथे तुमचे धोरण त्या माणसाच्या तब्येतीवर उभे आहे. आमच्याकडे लूपच्या बीमचा ताण नीट लावता येणारा एकच जॉबर निघाला. त्याच्या हाताखाली दोन तरुण विणकर दिले आणि शिकवल्याबद्दल त्याला वेगळा भत्ता ठरवला. भत्त्याशिवाय कोणी आपली कला वाटत नाही, आणि वाटावी अशी अपेक्षाही ठेवू नये. प्रशिक्षण स्वतःच्या मागावर, पाळीच्या वेळेत द्या.

७. फळा, दहा मिनिटे आणि स्थानिक कॅलेंडर

फळ्यावर तीनच आकडे लिहा. आमचे होते : कालच्या पाच नमुन्यांचे वजन, रोखलेले डझन, आणि ठरल्या तारखेच्या मागे असलेल्या ऑर्डरी. पाळीच्या सुरुवातीला फळ्यासमोर उभे राहून दहा मिनिटे बोला आणि मागच्या वेळी आलेल्या अडचणीचे काय झाले, हे आधी सांगा. कोणी वर केलेली अडचण तीन दिवस तशीच राहिली, तर चौथ्या दिवशी कोणी काही सांगत नाही.

नवी पद्धत सुरू करण्याची तारीख ठरवताना कॅलेंडर जवळ ठेवा. आम्ही पहिला प्रयोग संक्रांतीच्या आठवड्यात सुरू केला. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत निम्मे सोलापूर रस्त्यावर असते, हे बाहेरून आलेल्या सल्लागाराला माहीत नसणे समजू शकते. मला तरी माहीत असायला हवे होते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे लोक, आषाढीच्या सुमारास पंढरपूर आणि एप्रिल-मे महिन्यांतील ऊन, या दिवसांत खाडे वाढणारच. ते आधीच धरून ऑर्डरीच्या तारखा द्या. शिलाई विभागात कुंभारी गावाच्या बाजूने येणाऱ्या बायका जास्त असतील, तर शेवटच्या बसची वेळ पाहून पाळी ठरवा. आम्ही पाळी वीस मिनिटे अलीकडे आणली आणि त्या विभागातील गैरहजेरीचे निम्मे कारण संपले.

८. नव्वद दिवसांनी तपासा, आणि न जुळणाऱ्या माणसाशी स्वतः बोला

तीन महिन्यांनी पुन्हा तीन विभागांतील तीन माणसांकडे जा आणि पहिल्या टप्प्यातील तोच प्रश्न विचारा. या वेळी माणसे वेगळी निवडा, शक्यतो रात्रपाळीची. दिवसपाळीला जे पोहोचते ते रात्रपाळीला पोहोचले असेलच असे नाही. आमच्याकडे फळ्यावरचे आकडे रात्री बदललेच जात नव्हते, कारण पेन मुकादमाच्या कपाटात कुलूपबंद असे.

काही जणांना नवे काम जमणार नाही. अशा माणसाला आधी प्रशिक्षण, मग दुसरी जागा, आणि त्यानंतरच निरोप, असा क्रम ठेवा. आमचा एक जुना विणकर वेगाचा राजा होता. सफाईचे काम त्याच्या हाताला मानवेना आणि त्याला त्याचा अपमान वाटू लागला. दोन महिन्यांनी त्याला घाऊक मालाच्या उरलेल्या सहा मागांवर दिले, जेथे वेगच लागतो. हे त्याला सर्वांसमोर नव्हे, तर चहाच्या टपरीवर, आणि मुकादमाकरवी नव्हे, तर मी स्वतः सांगितले. तो मालही कारखान्याला अजून काही वर्षे विकायचाच होता, त्यामुळे त्याची खोटी समजूत घालावी लागली नाही.

तपासणीच्या दिवशी जो एक आकडा हलला नसेल, तो घेऊन पुन्हा चौथ्या टप्प्यापाशी या आणि त्या माणसाची पगाराची चिठ्ठी मागवून घ्या. आमच्याकडे तो आकडा ऑर्डरींच्या तारखांचा होता, आणि चिठ्ठी डिस्पॅचच्या कारकुनाची निघाली : त्याला महिन्यात किती गाड्या रवाना झाल्या यावर भत्ता मिळत होता, त्यामुळे तो आधी भरायला सोप्या असलेल्या गाड्या काढत होता. तो भत्ता पुढच्या पगारापासून वेळेवर गेलेल्या ऑर्डरींवर द्यायला सुरुवात केली.